सोलापुरात दीड दिवस मोकळा आहे, बघायला काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ठाण्याहून स्वतःच्या गाडीने येताय. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील, बायको आणि सहावीतला मुलगा. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर पक्कं आहे, मुक्काम सोलापूर स्टेशनजवळ आणि मधे दीड दिवस मोकळा. ज्यांना विचारलंत त्यांनी सांगितलं की सिद्धेश्वराचं दर्शन घ्या, चादरी घ्या आणि निघा, गावात बघायला काही नाही. तर खरंच काही नाही का, आणि असेल तर फारसं कुणाला माहीत नसलेलं काय?

बाहेरून येणाऱ्यांना गाव आणि आसपास फिरवणं हेच माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला अनेक तोंडांनी ऐकू येतो. ‘काही नाही’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. ते सोलापूर दुपारी बारा वाजता बघतात. अक्कलकोटहून परतताना वाटेत तासभर थांबायचं, मंदिराच्या फरशीवर अनवाणी पाय भाजून घ्यायचे, उन्हात किल्ल्याची कमान बाहेरूनच बघायची, मग एसी दुकानात शिरून चादरी घ्यायच्या. अशाने कुठलंही गाव रुक्षच दिसेल. म्हणून तुमच्या प्रश्नात मी थोडा बदल करतो. ‘कुठे जाऊ’ याच्या आधी ‘किती वाजता जाऊ’ हे ठरवा. इथली निम्मी ठिकाणं तुम्ही जिथे जाणारच आहात त्याला चिकटून आहेत, आणि उरलेली तुमच्या तीन देवस्थानांच्या रस्त्यांवर किंवा तासाभराच्या अंतरावर.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. तुम्ही डिसेंबरात येताय हे चांगलं झालं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मी पाहुण्यांना खोलीबाहेर काढतच नाही. आई-वडिलांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खाली सांगतो त्यातल्या दोन जागांसाठी ते महत्त्वाचं आहे. तिसरी गोष्ट पावसाची. त्या वर्षी पाऊस कसा झाला यावर इथले तलाव, पक्षी आणि नळदुर्गचा धबधबा ठरतो.

सुरुवात किल्ल्यापासून करा, सकाळी दार उघडताच. सोलापूरचा भुईकोट गावाच्या अगदी मध्यात आहे. एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकीच्या बाजूंना खंदक आणि आत दुहेरी तटबंदी. मूळ बांधणी बहमनी काळातली. पुढे निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात हा किल्ला इतक्या वेळा भांडणाचं कारण ठरला की त्याची गोष्ट मुलांना फार आवडते, कारण ती हुंड्याची गोष्ट आहे. एका लग्नात सोलापूर द्यायचं कबूल झालं आणि दिलं गेलं नाही, त्यावरून लढाया झाल्या. नंतर अहमदनगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली तेव्हा हेच सोलापूर तिच्याबरोबर आंदण गेलं. १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे आला.

पण मी पाहुण्यांना किल्ल्यात नेतो ते इतिहास सांगायला कमी आणि दगड दाखवायला जास्त. तटाच्या भिंतींकडे जवळून बघा. साध्या घडीव दगडांमध्येच अचानक एखादा कोरीव खांब आडवा बसवलेला दिसेल, कुठे वेलबुट्टीची पट्टी, कुठे मूर्तीचा भाग. जुन्या मंदिरांचे दगड तटात वापरले गेले आहेत, आणि आतल्या भागात श्रीमल्लिकार्जुनाच्या प्राचीन मंदिराचे अवशेषही आहेत. तुमच्या मुलाला एक काम द्या: भिंतीत लपलेले कोरीव दगड शोधायचे. मोठी माणसं ‘हं, किल्ला’ म्हणून पुढे सरकतात, पोरं मात्र तासभर हलत नाहीत. आई-वडिलांना तटावर चढवायची गरज नाही, आतली बाग आणि सपाट वाट त्यांना पुरे. तलावाच्या बाजूच्या तटावरून मात्र तुम्ही दोघांनी एकदा खाली बघून या. पाण्यातलं सिद्धेश्वर मंदिर तिथून जसं दिसतं तसं मंदिराच्या रस्त्यावरून दिसत नाही.

मग मंदिरात. हे तर सगळेच बघतात, पण बहुतेकांना कुणाचं मंदिर हेच माहीत नसतं. शिवयोगी सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले, बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या काळातले, कन्नड वचनकार. तेव्हा या गावाचं नाव सोन्नलिगे. लहानपणी ते शेत राखत असताना मल्लय्या, म्हणजे श्रीशैलचा मल्लिकार्जुन, जंगमाच्या रूपात आला, त्याने हुरडा खाल्ला आणि दहीभात मागितला. पोरगं घरून दहीभात घेऊन येईपर्यंत मल्लय्या गेलेला. त्याच्या शोधात ते श्रीशैलपर्यंत चालत गेलं, अशी कथा आहे. परत आल्यावर त्यांनी देवळं बांधली, तसाच लोकांना कामाला लावून हा तलावही खोदला. दुष्काळी मुलखातल्या संताने पाण्याचं काम करावं हे मला त्यांच्या चमत्कारांपेक्षा मोठं वाटतं, पण हे माझं मत झालं.

त्यांनी गावाभोवती पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली. आता यातली कित्येक घरांच्या, दुकानांच्या आणि रस्त्यांच्या गर्दीत सापडली आहेत. सगळी शोधत बसू नका. तलावाकाठचं अमृतलिंग आणि जवळचा सम्मती कट्टा एवढं बघा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा या कट्ट्यापाशी होतो. सिद्धेश्वरांवर मन जडलेल्या एका कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी विवाह, असं त्याचं रूप. डिसेंबरात तिथे सगळं शांत असतं, पण कट्टा बघून ठेवला की पुढे कधी टीव्हीवर ती गर्दी दिसली तर तुम्हाला जागा ओळखू येईल.

किल्ला आणि मंदिर आटोपेपर्यंत दहा वाजतील. इथून पुढे उन्हं चढायच्या आत १९३० च्या सोलापूरची एक छोटी फेरी करा. हे गावाबाहेर फार कमी लोकांना माहीत आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथे हरताळ झाला, रूपाभवानीकडे सिंदीची झाडं तोडण्याचा सत्याग्रह झाला, गोळीबार झाला आणि गाव इतकं पेटलं की काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही. कार्यकर्त्यांनीच व्यवस्था सांभाळली. १२ मेला सरकारने मार्शल लॉ पुकारला. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. नावं नुसती ओळीने वाचली तरी या गावाची वस्ती कळते. त्यांचे पुतळे असलेला चौक म्हणजे आमचा ‘चार पुतळा’. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्सप्रेस यांच्याच नावाची. रिक्षावाल्याला ‘चार हुतात्मा’ म्हटलं तरी चालतं, ‘चार पुतळा’ म्हटलं की तो तुम्हाला गावचा समजून भाव थोडा कमी सांगतो.

तिथून महापालिकेचं इंद्रभुवन जवळ आहे. आप्पासाहेब वारदांनी बांधलेला हा वाडा, आता पालिकेची इमारत. कामाच्या दिवशी गेलात तर दाखल्यांसाठी आलेल्या माणसांची गर्दी असेल, रविवारी गेलात तर समोर निवांत उभं राहून दर्शनी भागाचं कोरीवकाम बघता येईल. मी रविवारच सुचवेन. दहा मिनिटांचं काम आहे, ते लांबवायची गरज नाही.

दुपारी जेवण आणि विश्रांती. जेवायला ‘सोलापुरी थाळी’ अशी मोठी पाटी बघून शिरू नका. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही, एखादी पातळ भाजी एवढं जिथे साधेपणाने मिळतं ते घ्या. शेंगांची चटणी विकत घेताना बोटांत दाबून बघा. उखळात कुटलेली असेल तर ती तेल सोडते आणि तिचा गोळा होतो. मिक्सरमध्ये भरडलेली असेल तर कोरडी, भुकटीसारखी लागते. कडक भाकरीची पाकिटं मिळतात, ती ठाण्याला नेता येतील इतकी टिकतात. शेंगपोळीही तशीच. मांसाहारी असाल तर रात्रीसाठी काळ्या मसाल्याचं मटण राखून ठेवा, भर दुपारी ते झेपत नाही. डिसेंबर म्हणजे हुरड्याचे दिवस सुरू होतात. गावाबाहेरच्या शेतांवर हुरडा पार्टी मिळाली तर तुमच्या आई-वडिलांना ती दर्शनाइतकीच लक्षात राहील. पण कोवळी कणसं तयार आहेत का ते फोन करून विचारा, कारण पेरणी लांबली की हुरडाही लांबतो.

दुपारी चारनंतर पूर्व भागात जा. माझ्या मते न चुकवण्यासारखं सोलापूर हेच, आणि ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी तिथे गेलेलं असतं. साखर पेठ, कन्ना चौक, जोडबसवण्णा चौक, अशोक चौक, दत्तनगर हा सगळा पट्टा. दुकानांच्या पाट्या मराठीत आणि तेलुगूत, ओट्यावर बसलेल्या बायका तेलुगू बोलतायत, शेजारचा किराणावाला कानडी, आणि तुमच्याशी बोलताना दोघंही मराठी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी वसवलेला हा भाग. नवरात्रात इथे बतुकम्मा खेळतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो.

गिरण्यांचं सोलापूर तुम्ही ऐकलं असेल. १८७७ ची जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल. भोंग्यावर गाव उठायचं. जुनी मिल साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. आता त्यांच्या जागांवर वसाहती आहेत आणि पत्त्यांत नावं उरली आहेत. गिरणी बघायला मिळेल या आशेने त्या बाजूला भटकू नका, बाहेरच्या माणसाला तिथे काही हाती लागत नाही. गिरण्या गेल्या तरी यंत्रमाग राहिले. ते गल्ल्यांत, घरांच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत आहेत.

चालू माग बघायला मिळणं ही नशिबापेक्षा रीतीची गोष्ट आहे. रस्त्यावरून खडखडाट ऐकू आला म्हणून मोबाईल काढून आत शिरू नका. कामगाराला कापडाच्या मापावर मजुरी असते, तुमच्यासाठी माग थांबवला की त्याचं नुकसान होतं, शिवाय अंगावर ओढणी किंवा सैल बाही असेल तर मागाजवळ ते धोक्याचंही आहे. त्यापेक्षा ज्यांचा स्वतःचा कारखाना आहे अशा दुकानातून खरेदी करा आणि मालकाला सरळ विचारा, ‘माग बघायला मिळेल का?’ बहुतेक वेळा एखादा पोरगा सोबत देतात. मुलाला मागाच्या वर टांगलेली जेकार्डची पुठ्ठ्यांची माळ दाखवा. पुठ्ठ्यावरची भोकं म्हणजे हुकूम. आडवा धागा टाकताना उभ्या धाग्यांपैकी कोणते उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे ते ती भोकं ठरवतात. एका पुठ्ठ्याने नक्षीची एक ओळ पुढे सरकते, आणि अशा शेकडो ओळींनंतर चादरीवर मोर उमटतो. संगणकाच्या आधी भोकांच्या भाषेत यंत्राला काम सांगायची ही युक्ती सहावीतल्या पोराला पटकन कळते. आत आवाज प्रचंड असतो आणि हवेत सुताचा बारीक फुफाटा. वडिलांना दम्याचा त्रास असेल तर त्यांना बाहेर चहा पाजत बसवा.

चादरीबद्दलही इथेच सांगून टाकतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरून आलेला पॉलिएस्टरचा माल त्याच नावाने सर्रास विकला जातो. ओळखायची रीत अशी: चादर उलटून बघा. अस्सल जेकार्ड चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर दुसरीकडे पांढऱ्यावर लाल. छापलेल्या चादरीची मागची बाजू फिकट असते. वजन हातावर घेऊन बघा. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून पेटवा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी बनतो. धागा काढू द्यायला दुकानदाराने नकार दिला तर पुढच्या दुकानात जा. आणि नवी चादर पहिल्यांदा वेगळी धुवा, लाल रंग जातो.

पहिला दिवस असा भरतो. संध्याकाळी हाताशी वेळ असेल तर भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, पण ते बंद व्हायच्या वेळा सांभाळाव्या लागतात. म्हणून मी ते बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवतो. १९१० साली सोलापुरात जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानविरुद्धच्या युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले, तिथेच लग्न केलं आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. चिनी पाहुणे भारतात आले की या साध्या घराला भेट देऊन जातात, आणि सोलापूरकराला विचाराल तर तो आधी डोकं खाजवेल. फोटो आणि माहितीफलकच आहेत, भपका काही नाही. तुमच्या वडिलांच्या पिढीला ते नाव माहीत असणार, त्यांना नक्की न्या. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

आता उरलेला अर्धा दिवस. तो गावाबाहेर घालवा, पण एकच जागा निवडा. लोक इथे घाई करतात आणि चार ठिकाणं गाडीच्या काचेतून बघून परततात.

माझी पहिली शिफारस हत्तरसंग कुडल. विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे, भीमा आणि सीना यांचा संगम, पलीकडच्या काठाला कर्नाटक. सोलापूरपासून साधारण चाळीस किलोमीटर. संगमेश्वर आणि हरिहरेश्वर अशी दोन जुनी मंदिरं आहेत. संगमेश्वराच्या मंडपात वर मान करून एका तुळईवर बघा, शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख कोरलेला आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांपैकी हा एक. त्याची शेवटची ओळ ‘वाछि तो विजेया होऐवा’, म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. हा लेख उजेडात आला तो सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्यामुळे. जिल्ह्यातले शिलालेख शोधत त्यांनी आयुष्य घालवलं. हरिहरेश्वराच्या उत्खननात निघालेलं बहुमुखी शिवलिंग तर मी दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही. एकाच दगडावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. लोक त्याला कोटिलिंग म्हणतात. सकाळच्या तिरप्या उजेडात त्या मुखांचे चेहरे वेगवेगळे दिसतात, दुपारी सगळं सपाट होतं. बॅटरी न्या, मंडपात अंधार असतो आणि अक्षरं सहज सापडत नाहीत. गावातल्या पुजाऱ्याला विचारलं तर ते नेमकी तुळई दाखवतात. चालणं फार नाही, नदीकडे उतरताना मात्र आई-वडिलांना जपून न्या. जेवणाची सोय तिथे धरू नका, पाणी आणि डबा सोबत ठेवा.

मुलाला प्राण्यांची आवड असेल तर दुसरा पर्याय नान्नज. बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटर. १९७९ मध्ये इथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. स्पष्ट सांगतो, माळढोक दिसेल या अपेक्षेने जाऊ नका, तो आता जवळजवळ नाहीसाच झाला आहे. पण पहाटे गेलात तर गवताळ माळावर काळवीट दिसतात, कधी खोकड, आणि नशीब असेल तर लांडगा. जंगल म्हटलं की झाडी हवी अशी मुंबईकडच्या माणसाची समजूत असते, त्यामुळे पहिल्या नजरेला हे ओसाड वाटतं. गाडी बंद करून वीस मिनिटं गप्प बसलं की माळ हलायला लागतो. वन विभागाच्या चौकीत नोंद करूनच आत जा आणि रस्ता सोडून गाडी घालू नका. येताना नान्नजची द्राक्षं मिळतात का बघा. सोनाका हा वाण याच गावच्या नानासाहेब काळे यांनी तयार केलेला. हंगाम खरं तर जानेवारीनंतरचा, डिसेंबरात लवकर छाटणी केलेल्या एखाद्या बागेचीच मिळतील.

ज्या रस्त्यांनी तुम्ही जाणारच आहात त्यांवरच्या जागा अर्ध्या दिवसात धरू नका, त्या फुकटात पडतात. तुळजापूरला जाताना गाव सोडलं की हिप्परगा तलाव लागतो, कागदोपत्री एकरूख. इंग्रजांच्या काळात बांधलेला, १८७१ मध्ये पुरा झालेला. थंडीत पाणी ओसरून कडेला चिखल उघडा पडला तर रोहित पक्षी उतरतात. तलाव काठोकाठ भरलेला असेल तर ते लांब राहतात, कारण त्यांना उथळ पाणी लागतं. दुर्बीण असेल तर पंधरा मिनिटं थांबा.

तुळजापूरहून परतताना सरळ सोलापूरला न येता नळदुर्गवरून या. थोडा वळसा पडतो. तिथल्या किल्ल्यात बोरी नदीवर घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, १६१३ मधला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. नदी भरून वाहते तेव्हा बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि महालात बसून समोर पाण्याचा पडदा दिसतो. डिसेंबरात धबधबा असेलच असं नाही, महाल बघण्यासाठी जा. जिना अरुंद आहे आणि किल्ला अफाट. आई-वडिलांना हे झेपणार नसेल तर नळदुर्ग सोडून द्या, चुटपुट नको.

पंढरपूरला मोहोळमार्गे सगळे जातात. तुम्ही जाताना मंगळवेढ्याच्या रस्त्याने जा. वाटेत माचणूर लागतं. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं मंदिर, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या आणि शेजारी किल्ल्याचे बुरूज. औरंगजेब १६९५ पासून चारेक वर्षं इथे ब्रह्मपुरीला तळ ठोकून होता. दिल्लीचा बादशहा भीमेच्या या काठावर इतका काळ अडकून पडला हे तुमच्या मुलाला पुस्तकात एका ओळीत भेटेल, इथे उभं राहून सांगितलंत तर त्याला अंतर कळेल. आई-वडिलांना घाटावर बसायला आवडेल. पुढे मंगळवेढ्यात दामाजीपंतांचं मंदिर आहे, दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी उघडणारे ते दामाजी. मालदांडी ज्वारी घ्यायची तर याच भागातून घ्या. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही भौगोलिक मानांकन आहे आणि त्या भाकरीची गोडी ठाण्यात मिळणाऱ्या पिठाला येत नाही.

अक्कलकोटला स्वामींचं दर्शन झाल्यावर संस्थानच्या नव्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघून घ्या. भाविकांपैकी फार थोडे तिकडे वळतात. तलवारी, बंदुका, भाले बघायला मुलगा खूश होईल आणि अर्ध्या-पाऊण तासात उरकतं.

काय सोडायचं तेही सांगतो. केगावचं विज्ञान केंद्र चांगलं आहे, पण मुंबईत नेहरू विज्ञान केंद्र पाहिलेल्या मुलाला ते लहान वाटेल. विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, ज्याला आम्ही जुन्या सवयीने कंबर तलाव म्हणतो, संध्याकाळी आम्हा गावकऱ्यांना फिरायला बरा आहे. त्यासाठी दीड दिवसातला तास खर्चू नका.

म्हणजे हिशेब असा बसतो: मोकळ्या पूर्ण दिवशी सकाळी किल्ला, मंदिर, चार पुतळा. दुपारी झोप. चारनंतर पूर्व भाग, माग आणि चादरी. अर्ध्या दिवशी पहाटे नान्नज किंवा सकाळी हत्तरसंग कुडल, आणि परतल्यावर कोटणीस स्मारक. बाकी सगळं देवस्थानांच्या वाटेवर. आई-वडिलांना फार चालवत नसेल तर नान्नज आणि नळदुर्ग गाळा, बाकी काही गाळायची गरज पडणार नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की सुट्टी जानेवारीत ढकलली तर चालेल का. चालेल, पण मग वरचा सगळा बेत मोडतो. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा असते. पहिल्या दिवशी सातही नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी ते उंच ध्वज तोलत गावभर चालतात, दुसऱ्या दिवशी अक्षता, मग होम मैदानावर होमप्रदीपन आणि पुढे शोभेचं दारूकाम. त्या दिवसांत किल्ला, मंदिर आणि चार पुतळ्याच्या परिसरात गाडी शिरत नाही, पूर्व भागातलेही निम्मे लोक मैदानावरच भेटतात. यायचंच असेल तर अक्षतेचा दिवस पकडा, खोली महिनाभर आधी सांगून ठेवा, गाडी हॉटेलवर सोडून पायी निघा, आणि आई-वडिलांना गर्दीत न नेता मिरवणुकीच्या वाटेवर कुणाच्या तरी ओट्यावर बसायला जागा मागा. सोलापुरात त्याला कुणी नाही म्हणत नाही.